खालचा थर

चूळ भरताना पाणी ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून गळायला लागलं, तेव्हा ऋतुजाला आधी वाटलं, आपली झोपच उडालेली नाही अजून. पुन्हा चूळ भरली, पुन्हा तेच. मग तिनं आरशात बघितलं. चेहऱ्याची डावी बाजू खाली उतरली होती. भुवया उचलायला गेली तर एकच वर जाई. डोळे मिटायला गेली तर डावा अर्धा उघडाच. त्यात हसून बघायची बुद्धी कुठून झाली कोण जाणे, पण हसली, आणि आरशातलं ते वेडंवाकडं तोंड बघून तिला रडूच कोसळलं.

तशीच ती बाहेर आली. तिचा नवरा सारंग खिडकीशी बसून बुटाच्या नाड्या बांधत होता. आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना शिकवायचा तो, आणि सकाळी वेळेच्या आधी पोचायची त्याला खोड होती. त्यानं मान वर केली आणि तिच्याकडे अगदी निरखून बघितलं.

"टवटवीत दिसतीस आज," तो म्हणाला.

ही काय थट्टा करायची वेळ आहे का? ऋतुजाचं डोकंच फिरलं. "सारंग, तोंड बघ माझं!" ती ओरडली. ओरडताना 'ब' ओठातून निसटला आणि हवाच बाहेर पडली.

"बघतोय की. काय झालंय तोंडाला?" तो खरोखरच गोंधळला होता. "आवाज का असा येतोय तुझा? दाढ दुखतीय काय?"

त्याची नजर तिच्या चेहऱ्यावर स्थिर होती. चष्म्याच्या मधल्या दांडीवरचा, नाकावरचा कॅमेऱ्याचा ठिपका नीट तिच्याकडे रोखलेला. आणि त्याला काही, काही म्हणजे काहीसुद्धा दिसत नव्हतं. ऋतुजाच्या सगळं लक्षात आलं तेव्हा ती जागच्या जागी थिजली. कारण हे कुणी केलं होतं, ते कोल्हापुरात एकट्या तिलाच ठाऊक होतं.

"दाढच," ती म्हणाली. "तू जा. मी दाखवून येते."

डॉक्टरांनी तपासलं, हात-पाय उचलायला लावले, आणि अर्धांगाचा झटका नाही म्हणून सांगितल्यावर तिच्या जिवात जीव आला. चेहऱ्याच्या नसेला सूज आली होती. गोळ्या लगेच सुरू करायच्या, डोळ्यात थेंब घालायचे. बहुतेकांचा चेहरा काही महिन्यांत पूर्ववत होतो, तुमचाही होईल, असं ते म्हणाले.

"लगेच आलात हे फार बरं केलंत," चिठ्ठी लिहिता लिहिता डॉक्टर म्हणाले. "असलं काही घरच्यांच्याच लक्षात येतं आधी. मिस्टर म्हणाले असतील ना, जा दाखवून ये?"

ऋतुजानं चिठ्ठी घेतली आणि घडी घालून पर्समध्ये टाकली.

आता हे सगळं काय होतं, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल. सारंगच्या डोळ्यांचा पडदा तिशीतच झिजायला लागला आणि लग्नानंतर काही वर्षांत त्याला पूर्ण दिसेनासं झालं. माणूस भिंती चाचपत फिरायचा, ताटातली भाकरी बोटांनी शोधायचा. मग पुण्याच्या एका कंपनीनं 'जोडदृष्टी' आणली. चष्म्यात कॅमेरा, आणि मेंदूच्या मागच्या भागात, जिथं बघण्याचं काम चालतं तिथं, नखाएवढी चिप. कॅमेऱ्यातलं चित्र बिनतारी चिपकडे जातं आणि चिप ते मेंदूला दाखवते. मोडक्या डोळ्यांची मध्यस्थीच नको. फक्त एक अडचण होती. चित्र जितकं जास्त पाठवावं तितकी चिप तापे, आणि मेंदूत तापलेली चिप कुणाला हवीय? म्हणून चित्र अर्धंमुर्धंच पाठवायचं. ते भोकाभोकांचं दिसे.

ती भोकं भरायला दुसरा थर आणला, अंदाजाचा. एकदा बघितलेली जागा, एकदा बघितलेलं माणूस चिप आपल्यापाशी साठवून ठेवी आणि कॅमेरा कमी पडला की 'इथं असं असणार' म्हणून साठवणीतलं चित्र लावी. यात लबाडी काही नाही. तुमच्या-माझ्या धडधाकट डोळ्यातही एक ठिपका आंधळाच असतो, मेंदू आजूबाजूचं बघून तो भरून काढतो आणि आपल्याला पत्ताही लागू देत नाही.

घोळ झाला तो सांध्यावर. एका थरातून दुसऱ्या थरात जाताना पहिला विरत जाई आणि त्याच वेळी दुसरा उमटत जाई. कागदावर हिशेब चोख. पण मध्यावर दोन्ही अर्धे-अर्धे असताना मागचा काळोख आरपार दिसे. दोन विरळ ओढण्या एकीवर एक धरल्या तरी पलीकडचं थोडं दिसतंच, तसं. पेशंट म्हणत, डोळ्यावर झापड येते. त्या झापडीत एका बाईंची पायरी चुकली, सारंग एकदा भर रस्त्यात थांबला आणि हलेचना.

ऋतुजा तेव्हा शाहूपुरीतल्या एका मोशन ग्राफिक्स स्टुडिओत होती. मालिकांची शीर्षकं, बातम्यांच्या पट्ट्या, लग्नाचे व्हिडिओ, जे येईल ते. या धंद्यात प्रत्येक नवशिका हीच चूक करतो. दोन लेअर एकदम विरवतो, मधेच चित्र काळवंडतं, आणि मागून कुणीतरी खेकसतं, "अरे, खालचा पूर्ण ठेव, वरचा विरव!" सारंगला तपासायला नेलं तेव्हा कंपनीतल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांसमोर तिच्या तोंडून हेच वाक्य गेलं. कंपनीच्या प्रमुख सबनीस मॅडम खुर्चीतून उठल्याच.

"खाली कुठला थर ठेवायचा?" त्यांनी विचारलं.

"ज्याला भोकं नाहीत तो," ऋतुजा म्हणाली. त्यात विचार करण्यासारखं तिला काही वाटलंच नाही. स्टुडिओत सगळे असंच करत.

अंदाजाचा थर खाली गेला, कायमचा, पूर्ण. कॅमेऱ्याचा वर, लागेल तसा विरणारा. झापड गेली. कुणी पडलं नाही, कुणी बिचकलं नाही, आणि कंपनीनं ऋतुजाला नोकरीच दिली. या सगळ्याच्या आधी, सारंगनं चष्मा पहिल्यांदा लावला त्या नोंदणीच्या दिवशी, म्हणजे चिपला घरची माणसं पहिल्यांदा दाखवतात त्या दिवशी, रीत अशी होती की नातेवाइकांनी चांगले कपडे घालून पेशंटसमोर उभं राहायचं. ऋतुजा मोरपंखी साडी नेसली होती, केस मोकळे सोडले होते. नवऱ्याला इतक्या वर्षांनी आपण दिसणार म्हणून तिचं तोंड हसून हसून दुखायला लागलं होतं. सारंग तिला बघून लहान मुलासारखा रडला. तो दिवस तिच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा.

धंद्यातली सवय अशी की खालचा थर एकदा टाकला की त्याच्याकडे पुन्हा कुणी बघत नाही. चिपही बघत नव्हती. ओळखीच्या जागी, ओळखीच्या माणसासमोर ती कॅमेऱ्याचा थर आपणहून विरवून टाकी, तेवढंच तापणं कमी. माणूस कुठं उभं आहे, कुठं वळलंय एवढं कॅमेऱ्याकडून घेई आणि चेहरा साठवणीतला लावी. भाजीवाला, नवा विद्यार्थी, रंकाळ्यावर फिरणारी परकी माणसं सारंगला जशीच्या तशी दिसत. ऋतुजा सगळ्यात ओळखीची. म्हणून तीच दिसत नव्हती.

तिनं सबनीस मॅडमना व्हिडिओ कॉल लावला.

"अगं, तुझा चेहरा! काय झालं हे?" मॅडम पडद्यावरूनच किंचाळल्या.

ऋतुजाला हसू आलं, अर्ध्या तोंडाचं. एवढ्या लांबून, एवढ्याशा चौकोनात मॅडमना दिसलं. तिनं सगळं सांगितलं.

"त्यानं तक्रार केलीय का?" मॅडमनी विचारलं.

"कळलंच नाही तर तक्रार कशी करेल, मॅडम?"

"ऋतुजा, एक माणूस पडलेला नाही त्यानंतर. सरकारी मान्यता त्याच रचनेला आहे. सगळ्यांचे थर मी कसे उलटे करू?" मग त्यांचा आवाज उतरला. "सारंगचे करता येतील, त्याची तयारी असेल तर. तुझ्याकडे साधनं आहेत. कॅमेरा खाली, अंदाज वर. पण भोकं दिसणार, झापड येणार. आणि उलटं केलं की जुनी साठवण पुसली जाते, म्हणजे परत पहिल्यासारखं करायचं झालं तर नोंदणी नव्यानं करावी लागेल. ती शेवटची. तिसऱ्यांदा मेंदू ती पकडत नाही."

संध्याकाळी सारंग घरी आला, हातपाय धुऊन पोहे खायला बसला. ऋतुजा त्याच्यासमोर बसली आणि त्याचा उजवा हात तिनं आपल्या डाव्या गालावर ठेवला.

"काय गं, आज एकदम लाडात?"

"सारंग, दोन पत्र्यांचा सांधा सपाट बसलाय का ते कसं बघता रे तुम्ही?"

"नख फिरवून. का?"

"फिरव."

त्याचा अंगठा तिच्या भुवईवरून खाली आला, गालावरून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत. मग दुसऱ्या बाजूनं. मग पुन्हा या बाजूनं, सावकाश. तो खायचा थांबला. डोळे तिला सरळ दाखवत होते आणि बोटं वाकडी सांगत होती, आणि ज्या फिटरनं उभा जन्म बोटांवर विश्वास ठेवून काढला त्याला खोटं कोण बोलतंय हे कळायला वेळ लागला नाही.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"चेहरा सकाळपासून. बाकीचं..." तिनं सगळं सांगून टाकलं. ज्याला भोकं नाहीत तो खाली, हे आपलंच वाक्य, तेही सांगितलं.

सारंगनं खोलीभर नजर फिरवली. "पडदे कुठल्या रंगाचे आहेत?"

"पिवळे. दिवाळीत बदलले."

"मला निळे दिसतायत." तो तिच्याकडे वळला. "तुझे केस?"

"कापले. खांद्याच्या वर. तू काही बोलला नाहीस म्हणून चार दिवस धुसफुसत होते मी. आणि आई गेल्यावर इथंच, तुझ्यासमोर, ताटावर बसून रडत होते सारंग. हुंदका दाबून. तू टीव्ही बघून हसलास. मला वाटलं, दगडाशी संसार करतेय मी."

"तू रडत होतीस?" त्याचा आवाज चिरका झाला. "मला काय दिसायचं सांगू? तू हसत असायचीस. मी भांडलो तरी हसत, मला ताप आला तरी हसत. मला वाटायचं, हिला कशानं काही फरकच पडत नाही. आंधळा होतो तेव्हा बरी काळजी करायची, असं सुद्धा आलं गं मनात."

पोहे गार झाले. एकाच घरात, एकाच टेबलाशी बसून दोघं दोन वेगळ्या माणसांशी नांदत होते, आणि दोघांनाही वाटत होतं की समोरच्याचंच मन आटलंय.

"उलटे कर थर," सारंग म्हणाला.

"शेवटची नोंदणी..."

"कर म्हणतोय ना. मला माझी बायको बघायचीय."

तिनं केलं. त्यानं तिच्याकडे बघितलं तेव्हा तिच्या अर्ध्या कपाळावर काळं भगदाड होतं आणि तिनं मान हलवली की ते सरकत होतं, असं त्यानंच सांगितलं. पण उरलेल्या चेहऱ्यात ती होती. कापलेले केस, कानशिलावरची पांढरी बट, उतरलेला ओठ. तो बघतच राहिला.

"म्हातारी झालीस की गं," तो म्हणाला, आणि दोघंही रडता रडता हसले. ती हसली तेव्हा तिचं तोंड वाकडं झालं आणि तेही त्यानं बघितलं. कित्येक वर्षांत तिला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

पण हे फार टिकलं नाही. स्वयंपाकघराच्या चौकटीवर त्याचं डोकं आपटलं. उकळता चहा काळ्या भगदाडात गेला आणि मनगटावर सांडला. डोकं दिवसभर ठणकायचं, जेवण पोटात राहायचं नाही. आयटीआयमधून रजा घ्यावी लागली. भोवती पोरं, समोर फिरतं लेथ, आणि मधेच झापड? प्राचार्य चांगले होते, पण स्पष्ट बोलले. दिसण्याचा भरवसा नसेल तर वर्कशॉपमध्ये पाऊल टाकता येणार नाही. सारंग पुन्हा भिंतीला हात लावून चालायला लागला. चष्मा काढला की तर मिट्ट काळोख, आणि त्या काळोखाची त्याला एवढी दहशत होती की अंथरुणात पडेपर्यंत तो चष्मा काढत नसे.

"तू सांग," एका संध्याकाळी तो म्हणाला. "ठेवू असंच?"

ऋतुजाला ओरडून सांगावंसं वाटत होतं, ठेव. मला बघ. भिंती धर, पण मला बघ. समोर त्याचं भाजलेलं मनगट होतं, फडक्यात गुंडाळलेलं.

"डोळे तुझे आहेत," ती म्हणाली. "तू ठरव."

"मला पोरांना शिकवायचंय गं," तो म्हणाला आणि तोंड फिरवून बसला. तिच्यावर रागावण्यासारखं यात काही नव्हतं, त्याच्यावर रागावण्यासारखंही काही नव्हतं, आणि म्हणूनच तिचा जीव घुसमटत होता. दार कुठंच नव्हतं.

शेवटच्या नोंदणीला दोघं पुण्याला गेले. तंत्रज्ञ मुलगी उत्साही होती. तिनं ऋतुजाचा चेहरा बघितला आणि जरा चाचरली.

"ताई, थोडे महिने थांबलात तर? चेहरा बरा झाल्यावर करू. हे कायमचं राहील त्यांच्या नजरेत."

थांबायला सारंगपाशी तेवढी रजा नव्हती. आणि खरं सांगायचं तर ऋतुजाला थांबायचंही नव्हतं. काल रात्रीपासून ती एकाच गोष्टीचा विचार करत होती. एक चेहरा द्यायचा होता, उरलेल्या सगळ्या दिवसांसाठी एकच. मागच्या वेळी दिलेला सुखाचा चेहरा तिला चांगला महागात पडला होता.

ती रोजच्या सुती कुर्त्यात सारंगसमोर उभी राहिली.

"ताई, हसा ना थोडं," मुलगी म्हणाली.

"नको," ऋतुजा म्हणाली. दमलेलं, वाकडं, काहीच न लपवलेलं तोंड घेऊन ती नुसती बघत राहिली. सारंगला काळ्या भगदाडांमधून ती दिसत होती. काय चाललंय ते त्याला कळलं. त्यानं मान खाली घातली नाही. मग यंत्र बारीक वाजलं, भगदाडं एकेक करून भरत गेली, आणि चित्र सलग झालं, अगदी सफाईदार.

डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. उन्हाळा सरता सरता ऋतुजाचा ओठ जागेवर आला, डोळा मिटायला लागला. आरशातली बाई पुन्हा सरळ हसू लागली. सारंगच्या नजरेतली बाई नाही. ती तशीच राहिली, दमलेली, अर्धी उतरलेली. तो वर्कशॉपमध्ये पुन्हा उभा राहून ओरडायला लागला, चौकटीवर आपटेनासा झाला. पडदे पुन्हा बदलले तर त्याला ते कळणार नव्हते, म्हणून तिनं ते बदललेच नाहीत.

एक गोष्ट मात्र बदलली. रोज संध्याकाळी दारातून आत येता येता तो तिच्याकडे बघायचा आणि थबकायचा. "काय झालं गं? काही दुखतंय?" रोज. सगळं माहीत असूनही. समोर तसला चेहरा दिसल्यावर विचारल्यावाचून राहवतच नसे त्याला. आणि ऋतुजा सांगायची. कधी "काही नाही," कधी "पाठ धरलीय," एकदा "आईची आठवण येतेय." हसऱ्या चेहऱ्याला इतक्या वर्षांत त्यानं एकदाही विचारलं नव्हतं.

आणि एक दिवस खालच्या मजल्यावरच्या काकूंनी सांगितलेला कसला तरी किस्सा आठवून ती एकटीच हसत होती, पोट धरून, आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. सारंग आला. थबकला.

"काय झालं गं?" त्यानं कासावीस होऊन विचारलं. "रडतीस?"

"हसतेय रे!"

"खरं सांग."

तिनं त्याचा हात ओढून गालावर ठेवला. गाल वर उचललेला होता, हसण्यानं थरथरत होता, दोन्ही बाजूंनी सारखा. त्याचा अंगठा तिथंच थांबला. समोर मात्र तेच उतरलेलं, दमलेलं तोंड होतं, आणि हात काय सांगतोय ते डोळे त्याला ऐकू देत नव्हते.

मग सारंगनं दुसऱ्या हातानं चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला. काळोखात तो एकदा नखशिखांत शहारला, पण तिच्या गालावरचा हात त्यानं काढला नाही.

"हां," तो म्हणाला. "आता सांग, कसला किस्सा?"